मे महिन्यातली ओल

दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस रंगाऱ्यांचे असतात. तळमजल्यावरच्या घरात किंवा बंगल्यात आलेला रंगारी आधी भिंतीच्या पायथ्याशी उकिडवा बसतो. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले असतात, त्याखाली पांढरा लोणा धरलेला असतो, प्लास्टर बोटाने दाबलं तरी भुगा होऊन खाली येतं. तो ते पत्र्याने खरवडतो, पुट्टी भरतो, प्रायमरचे दोन हात देतो. घरातलं कुणीतरी मागे उभं राहून म्हणतं, "यंदा पाऊस फार झाला हो." रंगारी मान डोलावतो. भाऊबीजेला भिंत नवीकोरी दिसते आणि होळीच्या सुमारास त्याच जागी पुन्हा फुगते.

पावसावर ढकललेली ही ओल दर वेळी पावसाचीच असते असं नाही. पुष्कळदा ती घराच्याच पाण्याची असते. फरशीखाली, जोत्याच्या भरावात कुठल्यातरी पाइपचा सांधा सुटलेला असतो आणि तिथून पाणी मुरत राहतं. तोटी गळली तर ऐकू येते, छत गळलं तर खाली बादली ठेवावी लागते. जोत्यातली गळती दिसत नाही. दिसते ती तिची खूण, आणि ती उमटेपर्यंत बरेचदा वर्ष-दोन वर्षं उलटलेली असतात. त्यातही ती उमटते गळतीपासून दोन खोल्या पलीकडे. म्हणून घर बांधणाऱ्याने, विकत घेणाऱ्याने आणि जुन्या घरात राहणाऱ्यानेही आपल्या फरशीखालचं पाणी ओळखायला शिकलं पाहिजे असं मला कळकळीने वाटतं. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

पहिली कसोटी कॅलेंडर बघून लावायची. दिवाळीत सगळीच जमीन ओली असते, त्यामुळे तेव्हाची ओल काहीच सांगत नाही. जमिनीतला ओलावा विटांच्या बारीक छिद्रांतून वर चढतो, बहुधा कमरेच्या खालीच थांबतो आणि ऊन तापायला लागलं की मागे हटतो. देशावर मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अंगणातली माती भाजून निघते. अशा दिवसांतही भिंतीचा एखादाच पट्टा ओला राहत असेल, फरशीच्या सांध्यांतून पांढरे क्षार वर येत असतील, दाराच्या चौकटीला खालून वाळवी लागत असेल, परसातल्या एकाच कोपऱ्यातला अळू कुणी पाणी न घालता तरारला असेल, तर ते पाणी आकाशातून आलेलं नाही. घराच्या मागच्या भिंतीकडे मे महिन्यात एकदा नीट बघणं हे अर्धं निदान आहे.

आता फरशीखाली काय असतं ते बघू, कारण इथे बहुतेकांची समजूत चुकते. आपल्याला वाटतं, भिंती आणि जमीन मिळून घर एकसंध आहे. तसं नसतं. भिंतींचं ओझं पायावर किंवा प्लिंथ बीमवर जातं. जमीन मात्र जोत्याच्या चौकटीत टाकलेल्या भरावावर नुसती टेकलेली असते. खाली मुरूम आणि डबर, त्यावर दगडी सोलिंग, मग काँक्रीटचा पातळ थर, मग फरशी. भिंत जागेवर राहते आणि भराव हलला की जमीन तेवढी हलते. फुटलेल्या पाइपचं पाणी भरावातले बारीक कण हळूहळू वाहून नेतं, मुरूम खाली बसतो आणि स्कर्टिंगच्या खालची कड व फरशी यांच्यामध्ये फट पडते. आधी पोस्टकार्ड जाईल एवढी, मग बोट जाईल एवढी. फरशीवर काठी आपटली तर एका ठिकाणी टणक आवाज येतो, शेजारीच ढबढब वाजतं. ही फट पांढऱ्या सिमेंटने भरून टाकणारे खूप आहेत. भरल्यावर वर्षभरात ती पुन्हा उघडली, तर सिमेंटचा दुसरा पुडा आणण्याआधी प्लंबरला बोलवावं.

पाणी जातं तरी किती? गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तळमजल्याच्या फरशीखालच्या पाइपपेक्षा साधारण ६ मीटर उंच असतं असं धरू. त्या दाबाखाली पाइपला फक्त १ मिलिमीटरचं भोक पडलं तर हिशेबाने दिवसाला ४०० लिटरच्या पुढे पाणी बाहेर पडू शकतं. भोक २ मिलिमीटरचं झालं की आकडा चौपट होतो, म्हणजे १,७०० लिटरच्या घरात. भोवतीची माती पाण्याला थोडं अडवते, तेव्हा प्रत्यक्षात काही कमी धरा. मलनिःसारण असलेल्या शहरांसाठी सरकारी निकष माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे. पाच माणसांचं घर ६७५ लिटरमध्ये भागावं, आणि त्याच्या दुप्पट पाणी खिळ्याच्या टोकाएवढ्या भोकातून घराच्याच पोटात जातं. एवढं पाणी महिनोन्महिने कुठे जात असेल, या प्रश्नानेच खरं तर झोप उडायला हवी.

अमेरिकेत हे निदान मीटरवर होतं. तिथे नळाला चोवीस तास दाब असतो. सगळे नळ बंद करून मीटरचा काटा बघायचा, फिरत असला तर गळती आहे. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक वेळी येतं, पुष्कळ घरांना मीटर नाही, असला तरी तो बंद. पण याच व्यवस्थेतून आपल्याला दुसरं एक साधन मिळतं, ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही. आपल्या घरात प्रत्येक पाइपमध्ये पाणी वेगवेगळ्या वेळी असतं. त्यामुळे आपल्याकडच्या गळतीला वेळापत्रक असतं.

रस्त्यावरच्या लाइनपासून जमिनीतल्या टाकीपर्यंतचा पाइप फक्त नळाला पाणी येतं तेव्हाच भरलेला असतो. तो फुटला असेल तर ओल सकाळी गडद होते आणि संध्याकाळपर्यंत फिकटते. पाणीकपातीच्या दिवसांत, एक दिवसाआड पाणी आलं की तीही एक दिवसाआड गडद होते. मोटरपासून गच्चीकडे चढणाऱ्या पाइपात दाब असतो तो मोटर चालू असेपर्यंत. तो गळत असेल तर टाकी भरायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. मोटर बंद झाल्यावर पाइपातलं उभं पाणी गळतीतून निघून जातं, म्हणून दुसऱ्या दिवशी टाकीत आधी हवेचे फुस्कारे येतात आणि मग पाणी पडतं. मोटर पाणी ओढते त्या पाइपच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह गळका असला तरी असंच होतं, तेव्हा आधी तो तपासायचा. गच्चीवरून खाली उतरणाऱ्या पाइपांत चोवीस तास पाणी उभं असतं. त्यांची गळती कधी थांबत नाही, त्यामुळे सगळ्यात जास्त नासाडी त्यांचीच. सोलरची किंवा गिझरची गरम लाइन फरशीखालून जात असेल तर अनवाणी चालताना एका जागी फरशी कोमट लागते. थंडीत घरातलं मांजर रोज नेमकं तिथेच येऊन बसायला लागलं, तर त्याचं ऐकावं. आणि सांडपाण्याच्या पाइपात पाणी असतं ते वापरलं तरच. घर आठ-दहा दिवस गावाला गेलं आणि परत आल्यावर ओल सुकलेली दिसली, तर संशय आधी नहाणीवर आणि संडासाच्या लाइनवर घ्यावा. त्या ओलीला वास असतो, झुरळं असतात आणि चेंबरचं झाकण काढलं तर आत मातीचा गाळ दिसतो.

घरच्या घरी करण्यासारखी दुसरी तपासणी टाकीची. गच्चीवर हजार लिटरची उभी गोल टाकी असते, तिच्यात पाणी १ सेंटिमीटर उतरलं म्हणजे साधारण दहा लिटर गेलं. रात्री निजानीज झाल्यावर टाकीत पाणी जिथवर आहे तिथे खडूने खूण करायची, आत येणारं पाणी बंद करायचं आणि सकाळी कुणी तोंड धुण्याआधी पाहायचं. पाणी उतरलं असेल तर पुढच्या रात्री टाकीच्या बुडाशी असलेल्या चाव्यांपैकी एक सोडून बाकी सगळ्या बंद ठेवायच्या. स्वयंपाकघर, बाथरूम, फ्लश, सोलर अशा एकेक रात्री. ज्या रात्री पाणी उतरेल ती लाइन दोषी. जुन्या गेट व्हॉल्व्हची चावी पुरती बसत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. बंद केलेली चावी खरंच बंद आहे का, हे खाली तोटी उघडून बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. आणि कमोडचा फ्लश गुपचूप वाहत असेल तर सगळाच हिशेब बिघडतो. त्याच्या टाकीत चिमूटभर खाण्याचा रंग टाकून भांड्यात उतरतो का, हे पहिल्या रात्रीच बघावं.

मुरणारं पाणी नळाचं की जमिनीतलं, असा वाद पडला तर गावोगावच्या जलसुरक्षकांकडची ओटी टेस्ट उपयोगी पडते. साठलेल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते नळाचं. पिवळं झालं नाही तर मात्र नळाचं नाहीच असं म्हणता येत नाही, कारण मातीतून जाताना क्लोरीन संपून जातं.

*

हे सगळं कागदावर सोपं वाटतं. नेमकी जागा सापडते कशी, ते मी कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्यात पाहिलं. घर निवृत्त शिक्षिकेचं. मागच्या बेडरूमची भिंत सतत ओली, दोनदा वॉटरप्रूफिंग करून झालेलं, तिसऱ्यांदाची कोटेशनं टेबलावर. प्लंबर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. त्या जिल्ह्यातलं पट्टामुंडाई हे प्लंबरांचंच गाव म्हणून ओळखलं जातं, तिथे प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे आणि तिथली माणसं देशभरातल्या शहरांत पाइप जोडतात. हे गृहस्थ पुण्यात इतकी वर्षं आहेत की त्यांचं मराठी आता फक्त हेल सोडला तर आपल्यासारखंच. त्यांच्याबरोबर यंत्र घेऊन आलेला एक तरुण, डिप्लोमा झालेला.

पहाटेची वेळ मुद्दाम निवडलेली, कारण तेव्हा पाणी येतं आणि रस्ता शांत असतो. "मावशी, फ्रिज बंद करा. पंखा पण. थोडा वेळ कुणी चालायचं नाही," प्लंबरने सांगितलं. बाईंनी देवघरातलं घड्याळसुद्धा उचलून आत नेलं. तरुणाने जाड चकतीसारखा मायक्रोफोन फरशीवर टेकवला, कानाला हेडफोन लावले आणि फूट-फूटभर सरकत निघाला. मधेच त्याने हेडफोन माझ्या कानावर ठेवले. बेडरूममध्ये काहीच नव्हतं. पॅसेजमध्ये आल्यावर एक बारीक, न थांबणारा सूंऽऽ असा आवाज सुरू झाला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तो स्पष्ट झाला, त्यात मधूनमधून खडे हलल्यासारखी खुळखुळ. प्लंबर फाटकाशी गेला आणि त्याने मुख्य चावी बंद केली. आवाज विझला. चावी उघडली, आवाज परत. तरुणाने खडूने फरशीवर फुली मारली. महापालिकांच्या पाणी खात्यातली जुनी माणसं रात्री रस्त्यावर लोखंडी गज टेकवून, त्याला कान लावून हेच काम करत आलेली आहेत. यंत्राने फक्त कान मोठा केला.

शहाबादी फरशी छिन्नीने अख्खी उचलली. खालचा कोबा फोडल्यावर वरचा मुरूम चक्क कोरडा निघाला. बाईंचा चेहरा पडला. "इथे नाहीये वाटतं," त्या म्हणाल्या. प्लंबर काही न बोलता खणत राहिला. हातभर खाली मुरुमाचा चिखल लागला, त्याखाली एक पोकळी, आणि पोकळीत तांबूस गंजाने माखलेला पाऊण इंची जीआयचा पाइप. सॉकेटच्या तोंडाशी, आट्यांच्या पहिल्या फेरावर भोक. तिथून निघालेलं पाणी भरावाच्या तळाशी असलेल्या कठीण मुरुमावरून उताराने वाहत वाहत मागच्या भिंतीला जाऊन लागत होतं. दोन वेळा वॉटरप्रूफिंग झालं ते या वाटेच्या शेवटच्या टोकावर.

भोक सॉकेटच्या आट्यांवरच का पडलं, याचं उत्तर जीआय पाइपच्या घडणीत आहे. लोखंडाला गंजापासून वाचवतो तो वरचा जस्ताचा थर. आटे पाडताना तो थर कापला जातो आणि पाइपची जाडीही तिथे कमी होते. त्यामुळे गंजाला सगळ्यात सोपी जागा सांध्याचीच. पाइप काँक्रीटमधून बाहेर पडून ओल्या मातीत शिरतो तो टप्पाही असाच घातक, कारण दोन्हीकडचं रसायन वेगळं आणि त्या फरकावर गंज पोसला जातो. बाथरूमच्या पोकळीत पूर्वी कोळशाची जळकी राख भरत. हलकी आणि स्वस्त म्हणून भरत, पण तिच्यातलं गंधक ओलाव्याबरोबर लोखंड खातं.

गेल्या काही वर्षांत जीआयची जागा सीपीव्हीसी या प्लास्टिकने घेतली. त्याला गंज चढत नाही, पण त्याची दुखणी वेगळी. प्लास्टिक तापलं की लोखंडाच्या पाचपट वाढतं. ३ मीटरचा पाइप ४० अंशांनी तापला तर जवळपास ८ मिलिमीटर लांबतो. गच्चीवरच्या सोलरचं दुपारचं पाणी या पाइपातून जातं आणि रात्री तो गार होतो. वर्षानुवर्षं रोज एवढं लांबायचं आणि आखडायचं, आणि तेही दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये जखडलेलं. मग ताण एल्बोवर येतो. सॉल्व्हंट सिमेंट पुरतं सुकायच्या आत पाणी सोडलेलं असतं, किंवा तोटी बसवताना पितळी आट्यांच्या एल्बोवर पाना जास्त आवळलेला असतो. हे दोष त्या दिवशी दिसत नाहीत. चार-पाच वर्षांनी दिसतात, तोवर ते काम करणारा माणूस कुठे असतो कुणाला ठाऊक. प्लास्टिक पाइपातून गळतीचा आवाजही धातूइतका लांब जात नाही, त्यामुळे तिथे नुसत्या कानाने भागत नाही. मग पाइप रिकामा करून त्यात ९५ टक्के नायट्रोजन आणि ५ टक्के हायड्रोजन यांचं मिश्रण सोडतात. हायड्रोजन सगळ्यात हलका, तो भोकातून निघून माती आणि फरशीच्या सांध्यांतून सरळ वर येतो आणि यंत्र त्याला पकडतं. एवढ्या कमी प्रमाणात तो पेट घेत नाही. गरम लाइन असेल तर थर्मल कॅमेऱ्यात फरशीवर उबेचा डाग दिसतो. थंड पाण्याच्या गळतीत मात्र हा कॅमेरा पुष्कळदा फसवतो. तो तापमान दाखवतो, पाणी दाखवत नाही, आणि रंगीत चित्र बघून गिऱ्हाईक लगेच विश्वास ठेवतं.

*

घर काळ्या मातीवर असेल तर प्रकरण आणखी गंभीर होतं, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावर अशी घरं असंख्य आहेत. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. फुगताना त्याचा वरच्या दिशेने येणारा जोर एकमजली घराच्या ओझ्यापेक्षाही जास्त भरू शकतो. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने याच मातीसाठी तळाशी रुंद केलेले पाइल विकसित केले, म्हणजे पाया जिथे माती हलत नाही त्या खोलीवर टेकतो. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या मातीवर अनेक वर्षं काम केलं. न फुगणाऱ्या, धरून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर वर दाबून बसवला तर खालची काळी माती फुगायची थांबते, हे त्यांनी दाखवलं. आपले गवंडी काळी माती काढून मुरूम भरतात, त्यामागचं शास्त्र हेच.

पावसाचं पाणी या मातीला चारी बाजूंनी भिजवतं, त्यामुळे घर निदान सगळीकडून सारखं हलतं. गळती एकाच ठिकाणी भिजवते. तिथली माती फुगते, बाकीची उन्हाळ्यात आकसते आणि घर मधोमध ताणलं जातं. दारं चौकटीत अडकतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात.

छत्रपती संभाजीनगरच्या एका वस्तीत मी अशी एक जोडघराची भिंत पाहिली. मधली भिंत एक, कुटुंबं दोन, आणि त्यांच्यात बोलणं बंद. भेगा एका घरात, आणि त्या घराच्या मालकांनी त्या दोनदा फोडून, जाळी मारून, भरून घेतलेल्या. शेजाऱ्यांचं म्हणणं, तुमचं बांधकामच कच्चं. शेवटी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरने भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवली, तिच्यावर तारीख लिहिली आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. काच तडकली, म्हणजे हालचाल चालू होती. मग त्यांनी भिंतीच्या अलीकडे हातभर खड्डा घेतला आणि शेजारच्या नहाणीत फ्लुरेसीनचा हिरवा रंग सोडला. दुसऱ्या दिवशी खड्ड्यात हिरवं पाणी. नहाणी ट्रॅपखालचा जुना चिनी मातीचा पाइप सांध्यात उघडा पडला होता आणि पलीकडच्या उंबराची मुळं आत शिरली होती. दोष कळल्यावर शेजाऱ्यांनी खर्च स्वतःहून अंगावर घेतला. "आमच्या घरात काहीच दिसत नव्हतं हो," एवढंच ते म्हणत राहिले, आणि ते खरंच होतं.

इंजिनिअरने दुरुस्तीनंतर जे सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं. गळती थांबली तरी भेगा लगेच भरायच्या नाहीत. फुगलेली काळी माती सुकायला एखादा पूर्ण उन्हाळा जातो, त्या काळात घर उलट दिशेने हलतं. घाईने भरलेली भेग शेजारी दुसरी पाडते. काचपट्टी काही महिने शाबूत राहिली की मगच गवंडी बोलवायचा.

गळक्या पाइपाचा आणखी एक धोका भिंतीवर दिसत नाही. नळाचं पाणी बंद होतं तेव्हा पाइपातला दाब उतरतो, कधी तर तो बाहेरचं ओढून घ्यायला लागतो. ज्या भोकातून सकाळी स्वच्छ पाणी बाहेर गेलं, त्याच भोकातून दुपारी भोवतीचा ओलावा आत येतो. तो चेंबरशेजारचा असेल तर सांडपाणी थेट पिण्याच्या टाकीत. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली, आणि पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याचं पुढे आलं. शहराच्या पाइपांचं जे होतं ते घराच्या पाइपांचंही होऊ शकतं. फाटकापासून टाकीपर्यंतचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला चिकटून नेलेली घरं मी इतकी पाहिली आहेत, की याबद्दल कितीही ठासून लिहिलं तरी कमीच वाटतं.

जमिनीत पाइप पुरण्याची ही खोड आपल्या एकट्याची नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटटाउन उभं राहिलं. १९४७ ते १९५१ या काळात १७ हजारांहून जास्त घरं, तळघर नाही, जमिनीवर ओतलेली काँक्रीटची लादी आणि तिच्या आत घर गरम ठेवणारी तांब्याची नळी. स्वस्त, झटपट आणि तेव्हा अगदी आधुनिक. पुढे नळ्या लादीतच फुटायला लागल्या. दुरुस्तीसाठी घराची जमीनच फोडावी लागणार, तेव्हा कित्येकांनी ती नळी तशीच सोडून दिली आणि भिंतीच्या कडेने उघडी नवी व्यवस्था बसवली.

याच्या उलट उदाहरण बघायला पुण्यात लांब जावं लागत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. त्या बांधीव नळावर ठरावीक अंतराने उच्छ्वास ठेवले, ज्यातून हवा खेळते आणि माणूस आत उतरून साफसफाई करू शकतो. त्याआधी मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, जी नहर आणली तिच्यावरही अशा उतरायच्या जागा होत्या. जमिनीखालून पाणी न्यायचं तर माणसाचा हात पोचला पाहिजे, हे त्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. आपण महागड्या टाइल्सखाली पाइप कायमचा गाडतो आणि तो कुठून गेला हे लिहूनही ठेवत नाही. घराच्या नकाशाची प्रत बँकेत असते, महापालिकेत असते. पाइपांच्या वाटेचा नकाशा, ज्याने तो टाकला त्याच्या डोक्यात असतो.

कोथरूडच्या बंगल्यात प्लंबरने तो एक सॉकेट बदलून पैसे घेतले असते तर कुणाची तक्रार नव्हती. त्याने पाइपावर पुढे-मागे पान्याने हलके ठोके मारले, गंजाचे पापुद्रे गळून पडले. "मावशी, हा आज जोडला तर दाब पुढच्या सांध्याला जाईल. सहा महिन्यांत मला परत बोलवाल," तो म्हणाला. जुन्या जीआयच्या बाबतीत त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. एका जागेला ठिगळ लावण्याचा खर्च वाया जातो. फरशीखालची पूर्ण लाइन दोन्ही टोकांना बूच मारून सोडून द्यायची आणि नवा पाइप बाहेरच्या भिंतीवरून, क्लॅम्पवर, उघडा न्यायचा. बाईंना आधी ते दिसायला बरं वाटेना. आतल्या फरशा न फोडता काम दोन दिवसांत होतंय म्हटल्यावर त्या तयार झाल्या. चिखल झालेला भराव काढून त्याजागी नवा मुरूम थराथराने ठोकून बसवला, आणि तीच शहाबादी फरशी परत लागली.

भिंतीला मात्र लगेच हात लावू नये. ओल्या विटांवर घट्ट सिमेंटचं प्लास्टर केलं की पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि ओल आणखी वर चढते. सुटलेलं प्लास्टर काढून विटा महिना-दोन महिने उघड्या ठेवाव्यात, वर आलेले क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. जुनं चुन्याचं बांधकाम असेल तर दुरुस्तीही चुन्यानेच करावी.

पैशांचा प्रश्न उरतोच. घर बिल्डरकडून घेतलेलं असेल आणि ताबा घेऊन पाच वर्षं झाली नसतील, तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातला दोष लेखी कळवल्यापासून ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करून द्यायची जबाबदारी बिल्डरची. तक्रार तोंडी न करता लेखीच करावी, फोटोंसह. घराच्या विम्यात 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पाइप किंवा टाकी फुटून झालेलं नुकसान धरलेलं असतं, पण हळूहळू झिजून झालेल्या नुकसानीला विमा सहसा हात लावत नाही. गळती लवकर पकडण्याचं हे आणखी एक कारण.

ज्यांचं घर आता बांधलं जातंय त्यांना कमी खर्चात बरंच काही करता येतं. शक्य तो प्रत्येक पाइप बाहेरून किंवा डक्टमधून न्यायला सांगावं. फरशीखालून न्यावाच लागला तर मध्ये एकही सांधा नको, आणि तो मोठ्या पाइपच्या बाहीतून न्यावा, म्हणजे उद्या ओढून काढता येतो. टाकीच्या बुडाशी प्रत्येक लाइनला वेगळी चावी असावी आणि चावीवर नाव रंगवलेलं असावं. फरशी टाकण्याआधी हातपंपाने लाइनमध्ये दाब भरून एक रात्र ठेवावा आणि काटा उतरला का, हे सकाळी स्वतः जाऊन बघावं. कंत्राटदार म्हणेल, गरज नाही, आपलं काम पक्कं असतं. तरी बघावं. आणि सगळे पाइप उघडे असताना, भिंतीपासून टेप लावून, टेपवरचे आकडे वाचता येतील असे फोटो काढावेत. ते फोनमध्ये ठेवून भागत नाही, फोन बदलतात. छापून, खोलीचं नाव आणि तारीख लिहून, घराच्या खरेदीखताच्या फाइलमध्ये लावावेत, म्हणजे घर विकलं तरी नव्या मालकाच्या हाती पडतील.